दोन बुलेटांची मोटार

बेडफर्डशायर हा इंग्लंडने मिरवावा असा भाग नाही. डोंगर नाहीत, समुद्र नाही, कवींनी नावाजलेली तळी नाहीत. सपाट जमीन, भाजीपाला आणि तेव्हा विटांच्या भट्ट्या. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर मी क्रॅनफिल्डला विमानशास्त्र शिकत होतो आणि बेडफर्ड गावात खोली घेऊन राहत होतो. वारा नैऋत्येचा असला की स्टुअर्टबीच्या भट्ट्यांचा गंधकी वास थेट पांघरुणात यायचा. त्या भट्ट्यांवर राबायला युद्धानंतर दक्षिण इटलीतून माणसं आणली होती, मागून पंजाबीही आले. त्यामुळे या अळणी परगण्यात कॉफी उत्तम मिळे आणि कोथिंबीरही मिळे. परदेशी राहणाऱ्या कोल्हापुरी माणसाला याहून जास्त काय हवं?

बेडफर्डच्या पूर्वेला दहाएक मैलांवर बिगल्सवेड आहे. लंडनहून उत्तरेला जाणारा जुना हमरस्ता, इव्हेल नावाची छोटी नदी, बाजाराचा चौक, भोवती ब्रसेल्स स्प्राउटची शेतं. पाहुण्याला दाखवावं असं फारसं काही नाही. पण याच गावच्या डॅन आल्बोन नावाच्या सायकलवाल्याने १९०२ साली पेट्रोलवर चालणारा, हलका, तीन चाकांचा ट्रॅक्टर करून दाखवला होता. नाव ठेवलं नदीचंच, इव्हेल. चार वर्षांत तो वारला आणि पुढे कंपनीही बसली. ही हकीकत ऐकली तेव्हा मला कोल्हापूरचं उद्यमनगर आठवलं. तिथे म्हादबा मेस्त्रींच्या कसबाच्या गोष्टी सांगत लोक लेथवर उभे राहतात. शिक्षण किती, हे कोणी विचारत नाही. हाताला काय येतं एवढंच विचारतात. बिगल्सवेड त्याच जातीचं गाव होतं.

ज्या मोटारीबद्दल मला लिहायचं आहे, ती या गावात जन्मली. तिचं नाव बर्कली. नाव ऐकून काही आठवलं नाही तर वाईट वाटून घेऊ नका. इंग्लंडातही दहांतल्या नऊ जणांना आठवत नाही.

मला ती दाखवली आमच्या संस्थेच्या वर्कशॉपातल्या एका वयस्क कारागिराने. विंड टनेलमध्ये तपासायचे पंखांचे लाकडी नमुने ते करत. लाकडाच्या वक्र पृष्ठभागावरून डोळे मिटून अंगठा फिरवायचे आणि म्हणायचे, "इथे अजून आहे." आम्ही मोजायचो, तर खरंच तिथे कागदाच्या जाडीइतकं जास्त निघायचं. मी मनातल्या मनात त्यांना सुतारबुवा म्हणायचो. तोंडावर अर्थात मिस्टर अमुक. ते बिगल्सवेडचेच. आयुष्याची उमेदीची वर्षं त्यांनी तिथल्या कॅरव्हॅनच्या कारखान्यात काढली होती.

युद्धानंतर इंग्लंडात घरांची टंचाई होती आणि सुट्टीची हौस होती. दोन्हींवर कॅरव्हॅन हा उतारा. चार्ल्स पँटर यांच्या बर्कली कोचवर्क्सने त्यात चांगलं नाव काढलं. एकदा तर चक्क दुमजली कॅरव्हॅन बनवली. सुतारबुवांनी तिचा लाकडी जिना केला होता, आणि हे सांगताना ते हटकून थोडे ताठ व्हायचे. पण हा धंदा मोसमी. वसंतात आणि उन्हाळ्यात मागणी, हिवाळ्यात माणसं रिकामी. शिवाय कारखाना तोवर फायबरग्लासचं काम शिकला होता. हातात नवीन कला आणि हिवाळ्यात बसलेले हात असले की कोणाच्या तरी डोक्यात मोटार येतेच. पँटरच्या डोक्यात आली, आणि त्याने बोलावलं लॉरी बाँडला.

हा लॉरी बाँड मोठा नमुनेदार माणूस असावा. प्रेस्टनचा. १९४९ मध्ये त्याची तीन चाकी मिनिकार निघाली होती. तिचं इंजिन १२२ सीसीचं, म्हणजे आपल्या तेव्हाच्या स्कूटरहूनही लहान. वजनाशी या माणसाचं हाडवैर होतं. गाडीत जे नाही ते मोडत नाही, त्याला पैसे पडत नाहीत आणि ते ओढावंही लागत नाही, अशा हिशेबाने तो चित्र काढायला बसत असणार. बर्कलीला त्याने चॅसीच दिली नाही. फायबरग्लासचे तीन मोठे साचे, तळ, नाक आणि शेपटी. जोडायचे, आत मोक्याच्या जागी ॲल्युमिनियमचा आधार द्यायचा आणि झाली मोटार. तळाचा भाग म्हणजे सपाट बुडाची नावच. इंजिन मोटारसायकलचं, पुढे, आडवं बसवलेलं. तिथून साखळीने गिअरबॉक्स, गिअरबॉक्समधून पुन्हा साखळीने पुढची चाकं. चारही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन, जे तेव्हा भल्याभल्या महागड्या गाड्यांनाही नसे.

ही गाडी बाजारात आली १९५६च्या शरदात. पहिलं इंजिन ॲन्झानीचं ३२२ सीसी, मग काही महिन्यांत एक्सेल्सियरचं ३२८ सीसी. अठरा घोड्यांची ताकद. त्यात स्पोर्ट्स कार! पण गाडीचं वजनच तीनशे किलोच्या आसपास. आणि वेळ कशी साधली पाहा. नासेरने सुएझ कालवा ताब्यात घेतला, युद्ध झालं, तेलाची जहाजं अडली आणि त्या डिसेंबरात ब्रिटनमध्ये पेट्रोलवर रेशन आलं. ज्या शेजाऱ्यांनी या खेळण्याला हसून घेतलं होतं, ते आता एका गॅलनमध्ये किती मैल जाते म्हणून विचारायला लागले. पुढे तीन सिलिंडरचं ४९२ सीसी इंजिन आलं. तीन चाकांची एक आवृत्ती आली. ती मोटारसायकलच्या लायसन्सवर चालवता यायची आणि करही कमी पडायचा, म्हणून तीच सगळ्यांत जास्त खपली, सुमारे अठराशे. सगळ्या तऱ्हा मिळून चार हजारांच्या थोड्या वर गाड्या बाहेर पडल्या.

सुतारबुवांना हे आकडे माहीत नव्हते किंवा त्यात रस नव्हता. त्यांना रेझिनचा वास आठवायचा. रंधा ठेवून ब्रश हातात घे, असं त्यांना एक दिवस सांगण्यात आलं. साच्यात काचेच्या धाग्यांची चटई पसरायची, वरून रेझिन चोपडायचं, रोलरने बुडबुडे काढायचे. घरी गेल्यावर पावालाही तोच वास. "लाकडाला नस असते," ते म्हणायचे, "ह्याला काहीच नसतं. कुठेही वळवा, वळतं. पहिल्या आठवड्यात मला त्याचा रागच आला होता." आणि मग राग गेला, कारण पहिलं नाक साच्यातून निघालं तेव्हा ते दोघांनी उचललं आणि तिसऱ्याला मदतीला बोलवावं लागलं नाही.

त्यांनी मला त्यांच्या घरी नेलं तो उन्हाळा १९७६चा. इंग्लंडातली त्या काळची माणसं त्या उन्हाळ्याची अजून आठवण काढतात: पाऊस पळालेला, हिरवळी वाळून आमच्या माळासारख्या पिवळ्या पडलेल्या. परसात एक लाकडी शेड होती. त्यात दोन सायकली, बटाट्याची पोती आणि एक मोटार एवढं सगळं सुखाने मावलं होतं, यावरून तिचा आकार कळावा. लांबी दहा फुटांच्या किंचित वर. उंची माझ्या कमरेच्या जरा वर. गडद लाल रंग. कोणाच्या तरी मळ्यात कोंबड्यांचं खुराडं होऊन पडली होती, तिथून त्यांनी ती आणली होती. फायबरग्लासला गंज नाही, कोंबड्यांनीही फारसं काही केलं नव्हतं. जे कुजलं होतं ते लाकूड, आणि लाकडाची त्यांना काळजी नव्हती.

त्यांनी बॉनेट उचललं. मी वाकून पाहिलं आणि हसूच फुटलं. आत रॉयल एन्फिल्ड होतं.

बर्कलीने शेवटच्या काळात, १९५९ मध्ये, टू-स्ट्रोकच्या जोडीला एन्फिल्डचं ६९२ सीसी फोर-स्ट्रोक इंजिनही घेतलं होतं. गाडीचं नाव बी ९५, म्हणे ताशी पंच्याण्णव मैल जाते म्हणून. त्याहून तिखट इंजिनवाली बी १०५. दोन्ही मिळून दोनशेच्या आसपास झाल्या असतील. इंजिन उंच, म्हणून मूळचं निमुळतं नाक जाऊन तिथे उभट जाळी आली होती. देखणेपणात गाडी उतरली, माझ्या मते. पण ते राहू द्या. बोअर सत्तर मिलिमीटर, स्ट्रोक नव्वद मिलिमीटर: हे आकडे मला दहावीच्या सनावळ्यांपेक्षा पक्के पाठ होते, कारण ते बुलेटचे आकडे. ३५०च्या बुलेटचे. एन्फिल्डच्या लोकांनी रेडिचला मोठं इंजिन करायचं ठरवलं तेव्हा तेच माप दोनदा घेतलं होतं: ३४६ दुणे ६९२.

आणि माझ्या मामांकडे बुलेट होती. मिलिटरीच्या लिलावातली. आपल्या सैन्यासाठी पन्नाशीच्या दशकात बुलेटा आल्या, मग मद्रासला कारखाना निघाला, आणि रेडिचची गाडी आपली झाली. १९६७ मध्ये रेडिचचा कारखाना बंद पडला, १९७० पर्यंत इंग्लंडातलं उरलंसुरलंही आवरलं. मद्रासला मात्र बुलेट चालूच. मामांच्या लेथच्या दुकानाबाहेर ती उभी असायची, आणि आठवीत असताना मी तिचं हेड उतरवून परत चढवलं होतं. सुतारबुवांना हे सांगितलं. त्यांनी काही न बोलता माझ्या हातात पाना दिला. त्यानंतर त्या शेडमध्ये मी पाहुणा राहिलो नाही.

गाडीत बसणं हे एक प्रकरण होतं. दरवाजा आहे, पण त्याने आत जाता येत नाही. आधी पाय, मग बूड, मग उरलेला देह असं स्वतःला हप्त्याहप्त्याने सोडावं लागतं. बसलं की पाटावर जेवायला बसल्यासारखं वाटतं, फक्त पाय लांब सोडलेले. रस्ता बुडाखाली वीतभर. कोपर बाहेर काढला तर डांबर लागेल असं वाटतं, लागत नाही. बिगल्सवेडमधून बाहेर पडताना शेजारून भाजीचा ट्रक गेला आणि त्याच्या चाकाचे नट माझ्या डोळ्यांच्या रेषेत फिरत होते. ताशी चाळीस मैलांना ऐंशी वाटत होते. नंतर मी पुष्कळ वेगवान गाड्यांत बसलो. त्यांत काटा पाहिल्याशिवाय वेग कळत नाही, आणि मग माणूस काटा पाहत बसतो.

आवाज? बुलेट एकुलती असते तेव्हा ठोका, श्वास, ठोका असं चालतं. इथे दोन पिस्टन बरोबरच वर जातात, बरोबरच खाली येतात, पण ठिणगी आळीपाळीने. त्यामुळे एका बुलेटने ठोका दिला की तिने घ्यायचा श्वास दुसरी भरून काढते. त्यावर साखळ्यांची किरकिर, वाऱ्याचा फडफडाट, आणि पायाखालच्या फायबरग्लासमधून येणारा एक बारीक कंप, जो उतरल्यावरही तळव्यांत राहायचा. गिअर मोटारसायकलचे, एकामागून एक. चौथ्यावरून थेट दुसऱ्यावर उडी मारायची सोय नाही. सुतारबुवा गिअर बदलताना डोकं किंचित कलतं करायचे. त्यांचा उजवा कान जरा कमी ऐकायचा.

ओल्ड वॉर्डनला आम्ही थांबलो. तिथल्या शटलवर्थ संग्रहात जुनी विमानं आहेत, नुसती ठेवलेली नाहीत, उडवतात. १९०९चं ब्लेरिओ आहे, काठ्या आणि कापड यांचं. वारा पडलेल्या संध्याकाळीच त्याला धावपट्टीवर नेतात आणि चार हात उंच उडी मारायला लावतात. विमान पाहायला आलेली माणसं आमच्याभोवती जमली. एक जण म्हणाला, उरलेली गाडी मागून येते आहे का? सुतारबुवांनी हा विनोद आधी ऐकला असणार. त्यांनी पाइप पेटवला. एका मुलाने मात्र बॉनेटखाली पाहण्याचा हट्ट धरला, आणि त्याला सगळं दाखवायला त्यांनी बराच वेळ घेतला. याच वेळी त्यांनी पॅट मॉसची गोष्ट सांगितली. स्टर्लिंग मॉसची ही बहीण स्वतः अव्वल रॅलीपटू. १९५८ मध्ये लिएज ते ब्रेशिया आणि परत अशी छोट्या गाड्यांची रॅली झाली, त्यात ती आणि तिची जोडीदार ॲन विझ्डम बर्कली घेऊन उतरल्या होत्या. आल्प्सचे घाट आणि हवेवर थंड होणारं टू-स्ट्रोक इंजिन. गाडी शेवटापर्यंत पोचली नाही. "पण निघाली तर होती," सुतारबुवा म्हणाले. पाठीमागे ब्लेरिओचं इंजिन खोकत होतं.

बेडफर्डकडे येताना कार्डिंग्टनची दोन प्रचंड शेडं लागतात. मैलोन्मैल आधीपासून दिसतात, आणि बर्कलीच्या आसनावरून तर ती आभाळाला टेकलेली दिसतात. त्यांतल्या एकात आर १०१ हे हवाईजहाज बांधलं होतं. सरकारी प्रकल्प, साम्राज्याचा मान. लांबी ७७७ फूट. ऑक्टोबर १९३० मध्ये ते इथून कराचीला, म्हणजे तेव्हाच्या हिंदुस्थानाला निघालं आणि फ्रान्समध्ये बोव्हेजवळ पडून पेटलं. अठ्ठेचाळीस माणसं गेली. मूळ कारणांत एक कारण असं की ते अपेक्षेपेक्षा फार जड झालं होतं. आमच्या वर्गात हे शिकवलेलं होतं. लॉरी बाँडसारख्या माणसाला त्या प्रकल्पात कोणी घेतलं नसतं, आणि तोही गेला नसता.

आमच्या घरात वाहन म्हणजे उपयोग. सत्तरीच्या त्या वर्षांत पुण्याची स्कूटर नोंदवून लोक वर्षानुवर्षं वाट पाहत. स्कूटरचा नंबर लागला की त्यावर लग्न ठरे. मोटार म्हणजे डॉक्टर, वकील किंवा पुढारी. आणि एक मोटार निव्वळ दर्शनासाठी: दसऱ्याला सीमोल्लंघनाच्या वेळी येणारी महाराजांची मेबॅक, जिच्याकडे आम्ही पोरं नमस्कार करायचा की टाळ्या वाजवायच्या हे न कळून पाहत राहायचो. उपयोगाची आणि थाटाची, या दोन तऱ्हा ठाऊक. ज्या गाडीत दोनच माणसं मावतात, सामान मावत नाही, पावसात छप्पर लावेपर्यंत माणूस भिजतो आणि जिने कोणाचा रुबाब वाढत नाही, अशी गाडी एका सुताराने का ठेवावी, हे आईला पत्रातून समजावणं मला जमलं नाही. तिने उलट टपाली विचारलं होतं, त्यांना मुलंबाळं नाहीत का?

होती. त्यांना मिनी आवडायची.

मिनीने तर बर्कलीच्या तोंडचा घास पळवला. ऑगस्ट १९५९ मध्ये, पाचशे पौंडांच्या आत, चार माणसांची खरीखुरी मोटार. तिचं इंजिनही पुढे, आडवं, पुढची चाकं फिरवणारं, म्हणून सगळं जग वाहवा करू लागलं. ही युक्ती बिगल्सवेडने तीन वर्षं आधी विकली होती, आणि जर्मनीत डीकेडब्ल्यूने १९३१ मध्येच केली होती. सुतारबुवांना याचं फार वाईट वाटायचं असं नाही. मिनी उत्तम गाडी आहे, म्हणायचे. खरा घाव कॅरव्हॅनचा बाजार पडला तेव्हा बसला. डिसेंबर १९६० मध्ये, नाताळच्या तोंडावर, कारखाना बंद झाला. दोन महिने आधीच लंडनच्या मोटार प्रदर्शनात बर्कलीने बँडिट नावाची नवी, फोर्डचं इंजिन असलेली सुरेख गाडी मांडली होती. इमारतीत पुढे बायकांची अंतर्वस्त्रं शिवणारी कंपनी आली. सुतारबुवांची बायको तिथे नोकरीला लागली. ज्या खिडकीशी नवऱ्याने रेझिन चोपडलं, तिथे ती लेस लावत होती, आणि पगार त्यांच्याहून वेळेवर मिळायचा असं ती माझ्यादेखत म्हणाली.

त्या दिवसांत मला राहून राहून इचलकरंजी आठवायची. तिथल्या शंकरराव कुलकर्णींनी स्वतःच्या डोक्याने छोटी मोटार केली होती. मीरा तिचं नाव. पहिला नमुना १९४९चा, म्हणजे लॉरी बाँडच्या मिनिकारच्याच वर्षीचा. स्प्रिंगांऐवजी रबर वापरलेली, साध्या माणसाला परवडावी म्हणून केलेली. सुधारत सुधारत सत्तरीच्या दशकापर्यंत त्यांनी तिचा पाठपुरावा केला. गाडी रस्त्यावर चालली. कारखान्यातून मात्र कधी निघाली नाही. आपल्याकडे तेव्हा कोणी किती मोटारी करायच्या हे दिल्लीत ठरे, आणि बिगल्सवेडचा कॅरव्हॅनवाला वर्षाच्या आत जाहिरात देऊन मोकळा होई. चार हजार लोकांनी त्याला पैसे देऊन, घरी नेऊन, शिव्या घालून, साखळ्या बदलून पाहिलं. शंकररावांच्या गाडीला शिव्या घालायचीही संधी कोणाला मिळाली नाही. बर्कलीचं दिवाळं निघालं हे खरं. पण बुडायलाही आधी पाण्यात उतरू द्यावं लागतं, आणि इचलकरंजीच्या माणसाच्या कसबात उणं होतं म्हणून तो काठावर राहिला, हे मला त्या लाल गाडीत बसल्यापासून कोणी पटवू शकलेलं नाही.

पुढच्या सुट्टीत गावी आलो तेव्हा उद्यमनगरातून बुलेटच्या पिस्टन रिंगांचा एक जोड घेऊन गेलो. सुतारबुवांनी त्या व्हर्नियरने मोजल्या, उजेडाकडे धरून पाहिल्या, तेलाच्या कागदात गुंडाळल्या आणि फळीवर ठेवल्या. इंजिनाला तेव्हा रिंगांची गरज नव्हती. "लागल्या तर आहेत," म्हणाले. त्याच सुमारास, १९७७ मध्ये, मद्रासची बुलेट इंग्लंडात विकायला आली. ती बातमी मी त्यांना मोठ्या ऐटीत वाचून दाखवली, जणू कारखाना माझाच. त्यांनी विचारलं, तिकडे अजून सत्तर बाय नव्वदच आहे ना? हो म्हटल्यावर त्यांचं समाधान झालं.

त्यांच्या शेडपुढे काढलेला गाडीचा एक फोटो मी मामांना नेऊन दाखवला होता. शेजारी सुतारबुवा आणि मी उभे, बॉनेट उघडं. मामांनी चष्मा पुसला, आधी इंजिन पाहिलं, मग गाडी, मग मी. सगळी हकीकत ऐकून घेतली: चॅसी नाही, गंज नाही, साडेतीनशे किलो वजन, पंच्याण्णव मैल. कामावरची दोन पोरंही लेथ थांबवून ऐकत होती.

"दोन बुलेटचं इंजान म्हणतोस?" मामा म्हणाले.

"हो."

"आणि माणसं किती बसत्यात?"

"दोन."

"आरं मग दोन बुलेटीच घ्यायच्या हुत्या की. चार जणं गेली असती."